आधी बोनेटला हात लावा: जुन्या छोट्या गाड्यांविषयी वाचकांचे प्रश्न

जुनी हॅचबॅक घेण्याविषयी आलेल्या पत्रांतले काही प्रश्न या वेळी घेतले आहेत. खर्चाचे आकडे अंदाजाचे आहेत. गावागणिक आणि गॅरेजगणिक त्यांत फरक पडेल.

२०१६ ची वॅगन आर व्हीएक्सआय पाहिली आहे. रीडिंग ६२,०००, मालक दुसरा, मागणी सव्वातीन लाखांची. मेकॅनिक ओळखीचा आहे, पण त्याला नेण्याआधी स्वतः काय पाहून घ्यावे? रोज धायरी ते हिंजवडी जायचे आहे. (पुणे)

विक्रेत्याला फोनवरच सांगा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटला हात लावा. गरम लागले तर गाडी तुमच्यासाठी तापवून ठेवलेली आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा किंवा नाद सोडा. झिजलेल्या इंजिनाचे आवाज आणि धूर पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतात, तेल वर चढले की ते दबतात.

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढून तेल पाहा. काळे तेल हा दोष नाही. पातळी खालच्या खुणेच्या आसपास असेल, तर मालकाने बोनेट क्वचितच उघडले आहे असे समजा. तेल भरण्याच्या टोपणाखाली दुधाळ, पिवळसर चिकटा दिसला तर थांबून विचार करा. पावसाळ्यात फक्त दोन-तीन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत वाफ धरून थोडा चिकटा जमतो. तोच डिपस्टिकवरही दिसला, तर पाणी तेलात उतरते आहे आणि हेड गॅस्केटचे (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचे) काम निघेल. रेडिएटरचे टोपणही इंजिन थंड असतानाच उघडा. आत रंगीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे द्रव, हवे. गंजलेले तांबूस पाणी दिसले तर वर्षानुवर्षे नळाचे पाणी ओतले गेले आहे. मग वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर तिन्ही संशयित.

आता विक्रेत्याला चावी फिरवायला सांगा आणि स्वतः मागे सायलेन्सरपाशी उभे राहा. थंडीत येणारी पांढरी वाफ मिनिटा-दोन मिनिटांत विरते. ती येतच राहिली तर कूलंट जळते आहे. पहिल्याच धडाक्यात निळसर धूर येऊन बंद झाला तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत, ते काम आटोक्यातले आहे. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत आणि इंजिन उतरवावे लागेल. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. सेन्सर, प्लग, एअर फिल्टर यांतच कुठेतरी कारण सापडते. इंजिन चालू असताना तेलाचे टोपण काढा. किंचित फुसफुस चालेल, धूर उसळून येत असेल तर गाडी बॅक कॉम्प्रेशन मारते आहे, म्हणजे झिजलेल्या रिंगांमधून जळका वायू खाली उतरतो आहे. तुमच्या गाडीतले १ लिटरचे के-१० इंजिन तीन सिलिंडरचे आहे, त्यामुळे आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) थोडी थरथर येणारच. एसी लावल्यावर स्टिअरिंग आणि डॅशबोर्ड खडखडायला लागला, तर इंजिन माउंटिंग बसले आहे. या इंजिनात व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारी टायमिंग चेन आहे, पट्टा नाही. त्यामुळे पट्टा बदलण्याचा खर्च नाही, पण थंड असताना चेनच्या बाजूने खळखळ ऐकू आली तर तेलबदलात हयगय झाली आहे.

इंजिनापेक्षा पत्रा महत्त्वाचा, असे आमचे ठाम मत आहे. इंजिन दुरुस्त होते. मोडलेला सांगाडा सरळ झाला तरी पूर्वीसारखा होत नाही. बोनेट उघडून दोन्ही ॲप्रनच्या, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या आतल्या पत्र्यांच्या, कडा पाहा. कंपनीचे स्पॉट वेल्डिंग ठरावीक अंतरावर, एकसारख्या गोल खळग्यांचे असते. जोडावरचे सीलंट गुळगुळीत असते आणि त्यात नख रुतत नाही. एका बाजूला हे व्यवस्थित आणि दुसऱ्या बाजूला ओबडधोबड असेल, तर पुढून मोठा मार बसलेला आहे. फेंडर, बोनेट आणि दारांच्या बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा शोधा. दारांचे रबर ओढून पिलरची कड पाहा. डिकीतली चटई उचला, स्टेपनी काढा आणि तिच्या खड्ड्याचा तळ पाहा. मागून बसलेला मार तिथे सुरकुत्यांच्या रूपाने उरतो. रंगाची जाडी मोजायचे यंत्र मिळाले तर उत्तम. कंपनीचा रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरतो. २०० ते ३०० म्हणजे पुन्हा रंगवलेली, ५०० च्या वर गेले तर आत लांबी (पुट्टी) भरलेली. पुण्यात इतकी वर्षे चाललेल्या गाडीचा बंपर किंवा एखादे दार रंगवलेले असणारच, त्यावरून गाडी नाकारू नका. छत, पिलर आणि ॲप्रन मात्र मूळचेच हवेत.

चालवून पाहताना नवले पुलाकडून कात्रजचा चढ घ्या. चौथ्या गिअरमध्ये ताशी ४० च्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आवाज चढला पण गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच घसरतो आहे. क्लच सेट मजुरीसकट सहा-सात हजारांना पडेल. मोकळ्या जागेत स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चक्कर मारा. टक्-टक् आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट गेला आहे. वेगासोबत वाढत जाणारी घरघर व्हील बेअरिंगची असते. गतिरोधकावर एकच बाजू चढवा. ठक् आवाज आला तर लोअर आर्मचे बुश किंवा शॉकॲबसॉर्बरचे माउंट पाहावे लागेल. मागे कोणी नाही असे पाहून ताशी ६० वरून जोरात ब्रेक मारा. पेडल थरथरले तर डिस्क वाकली आहे, गाडी एका बाजूला ओढली तर कॅलिपर अडकतो आहे.

हिंजवडीच्या रांगेत तुमची गाडी तासभर रांगणार, म्हणून एसी उभ्या गाडीतच तपासा. दुपारी, आयडलवर, दहा मिनिटे. झडपेतून साधारण ६ ते १० अंशांची हवा यायला हवी. स्वयंपाकघरातला किंवा मत्स्यटाकीचा साधा थर्मामीटर यासाठी पुरतो. रेडिएटरचा पंखा ठरावीक वेळाने सुरू होतो का आणि तापमानाची सुई मध्याच्या वर जाते का, हेही त्याच वेळी दिसेल.

टायरवर चार अंकी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी सहा-सात वर्षांचा टायर बदलायचाच, असे धरून चला. चारांचे चौदा-सोळा हजार. बॅटरी रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दाखवायला हवी.

एवढे करून गाडी पसंत पडली तर मेकॅनिकला न्या आणि तिन्ही सिलिंडरचे कॉम्प्रेशन मोजायला सांगा. सिलिंडरांतला फरक एका बारच्या आत हवा. निघालेली कामे कागदावर मांडून त्यांची बेरीज विक्रेत्याला किमतीतून वजा करायला सांगा. विक्रेता “ते किरकोळ आहे” म्हणाला तर त्यालाच ते करून द्यायला सांगा.

२०१२ ची आय-१०, रीडिंग फक्त ४१,०००. “म्हातारे गृहस्थ वापरायचे” असे एजंट सांगतो. मीटर मागे फिरवले असेल तर कसे ओळखावे? (नाशिक)

सध्याच्या मालकालाच अधिकृत सर्व्हिस सेंटरला फोन करायला सांगा आणि गाडीच्या क्रमांकावरून प्रत्येक सर्व्हिसची तारीख आणि रीडिंग मागवा. मालक यालाच टाळाटाळ करू लागला तर पुढे काही पाहायची गरज नाही. नोंदी मधेच कुठे थांबल्या, हेही पाहा. २०१७ ला ५८,००० आणि आज ४१,००० अशी उदाहरणे विरळ नाहीत.

नोंदी नसतील तर झीज पाहा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगवर घड्याळातल्या दहा आणि दोनच्या जागा, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड, गिअरच्या मुठीवरचे आकडे. चाळीस हजारांत हे सगळे गुळगुळीत होत नाही. पेडलचे रबर कोरे करकरीत आणि सीट फाटलेली, ही जोडी तर आणखी संशयाची. ब्रेक डिस्कच्या कडेला बोट फिरवा, उभा काठ लागला तर डिस्क बरीच चालली आहे.

रीडिंग खरे निघाले तरी हुरळू नका. वर्षाला तीन हजार किलोमीटर चाललेली गाडी बहुतेक वेळ उभीच होती. टायर कडक होतात, ब्रेक कॅलिपर गंजून धरतात, टाकीत पेट्रोल शिळे होते, रबरी नळ्यांना चिरा जातात.

इंजिन कोणते तेही विचारा. आय-१० च्या १.२ लिटर कप्पा इंजिनाला चेन आहे, १.१ लिटरच्या इंजिनाला टायमिंग पट्टा. पट्टा नुसता किलोमीटरवर नव्हे तर वयानेही संपतो आणि तुटला तर व्हॉल्व्ह वाकण्याची भीती असते. बदलल्याचे बिल नसेल तर गाडी ताब्यात आली की पहिल्याच आठवड्यात पट्टा, टेन्शनर आणि वॉटर पंप एकदमच बदलून घ्या. मजुरी एकदाच पडते. आल्टो ८०० घेणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे, तिलाही पट्टाच आहे.

पुराच्या पाण्यात बुडालेली गाडी ओळखता येते का? आमच्याकडे २०१९ नंतर बऱ्याच गाड्या स्वस्तात निघाल्या, काही अजून फिरत आहेत. (सांगली)

येते, पण धुऊन चकचकीत केलेल्या भागांत नाही. ऑगस्ट २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या किंवा जुलै २०२१ च्या चिपळूणच्या पुरातल्या गाड्या दुसऱ्या जिल्ह्यात, कधी दुसऱ्या राज्यात विकल्या जातात. म्हणून पहिली नोंदणी कुठली आणि त्या महिन्यांत गाडी कोणाकडे होती, तिथून सुरुवात करा.

चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ असेल तर पाणी तिथवर चढले होते. कारण तो भाग कोणी धूत नाही. सीटखालचे रूळ आणि बोल्ट, डॅशबोर्डखालचा स्टिअरिंगचा दांडा, पेडलांचे खांब यांवर गंज पाहा. हे भाग पावसाने भिजत नाहीत. चटई उचलून खालच्या फोमला टिशू कागद दाबा. फ्यूज बॉक्स उघडा, वायरच्या जोडांवर हिरवी किंवा पांढरी भुकटी आहे का पाहा. हेडलाइटच्या आत गाळाची पुसट रेघ, डिकीत दिव्यांच्या मागे वाळलेली माती, तीव्र सुगंधाचा मारा, ही सगळी एकाच गोष्टीची लक्षणे.

मग चावी ‘ऑन’ वर फिरवा, इंजिन सुरू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांनी विझला पाहिजे. विझलाच नाही तर बिघाड आहे, आणि मुळात लागलाच नाही तर तो कोणीतरी बंद करून ठेवला आहे. दुसरा प्रकार जास्त वाईट.

दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी ‘टोटल लॉस’ धरते. अशी गाडी भंगाराच्या भावात लिलावात जाते आणि कधी कधी पुन्हा रस्त्यावर येते. म्हणून विम्याच्या जुन्या दाव्यांची माहिती मागा. बुडालेली गाडी घ्यावी का? आमच्या मते कोणत्याही किमतीला नाही. इंजिन खोलून साफ होते. वायरिंगमध्ये शिरलेला गंज दोन-तीन पावसाळ्यांनी वर येतो, तोही एकदम सगळीकडे.

दिल्ली पासिंगची स्विफ्ट डिझेल, ९ वर्षांची, इथल्यापेक्षा लाखभर स्वस्त मिळते. रोज ३० किलोमीटर चालेल. (छत्रपती संभाजीनगर)

राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१५ च्या आदेशानंतर दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदीची टांगती तलवार आली, म्हणून तिथे त्या स्वस्त निघतात. पण तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, कर्ज असेल तर बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५, इथे नवी नोंदणी आणि महाराष्ट्राचा एकरकमी कर हे सगळे यायचे आहे. दहा लाखांपर्यंतच्या नव्या डिझेल गाडीला हा कर १३ टक्के असतो, पेट्रोलला ११. जुन्या गाडीला तो वयाप्रमाणे कमी होतो, पण हिशेब मूळ किमतीवरून लागतो. दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा तिकडे जाऊन मागावा लागतो. एजंट, वाहतूक आणि फेऱ्या धरल्या की लाखातले फारसे हातात राहत नाही.

आणि मुळात डिझेल कशाला? महिन्याला ७५० किलोमीटर धरा. पेट्रोल गाडी लिटरला १५ आणि डिझेल २० देते असे मानले, दर अनुक्रमे १०४ आणि ९१ रुपये, तर महिन्याला अठराशेच्या आसपास वाचतात. नऊ वर्षांच्या १.३ लिटर डिझेलचे इंजेक्टर, टर्बो किंवा ताणलेली चेन यांतले एक काम निघाले, की वर्षा-दोन वर्षांची बचत त्यात जाते. रोज थोडे अंतर आणि तेही गावातल्या गावात असेल तर ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) काजळीने भरतो, तो त्रास वेगळाच. पेट्रोल घ्या.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी घ्यावी का? (कल्याण)

आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ असे नोंदलेले नसेल तर नको. अपघातात विमा कंपनी नेमके त्याच नोंदीवर बोट ठेवते. नोंद असेल तर सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) पाहा. ती दर तीन वर्षांनी करावी लागते. तारीख प्रमाणपत्रावर आणि गॅस भरण्याच्या जागेजवळच्या पट्टीवर असते. सिलिंडरवर कोरलेला क्रमांक प्रमाणपत्राशी जुळवा.

तपासणी पेट्रोलवरच करा. वर्षानुवर्षे गॅसवर चाललेल्या गाडीत पेट्रोलचा पंप आणि इंजेक्टर दुर्लक्षित राहतात, आणि विक्रेता गाडी गॅसवरच फिरवून दाखवतो. एअर फिल्टरच्या डब्याला तडे किंवा जळल्याच्या खुणा असतील तर गाडीने बॅकफायर मारला आहे, म्हणजे गॅस हवेच्या वाटेतच पेटला आहे. जुन्या, सिक्वेन्शियल (प्रत्येक सिलिंडरला वेगळा गॅस सोडणाऱ्या) नसलेल्या किटमध्ये हे होते. सिलिंडरच्या वजनाने मागची बाजू बसली आहे का, तेही रिकाम्या गाडीत पाहून घ्या. जोडांवर साबणाचे पाणी लावले की गळती बुडबुड्यांनी कळते.

एएमटी (क्लच पेडल नसलेल्या, आपोआप पडणाऱ्या) गिअरची सेलेरिओ बायकोसाठी पाहतो आहे. वेगळे काय तपासावे? (सातारा)

चढ. खंबाटकीत किंवा अगदी पार्किंगच्या उतारावर गाडी उभी करा, ब्रेक सोडा, हळू पुढे काढा, तशीच उलटी घ्या. धक्के, जळका वास किंवा उशिरा पकडणारा गिअर म्हणजे क्लच संपत आला आहे. चढावर गाडी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवायची सवय हे त्याचे नेहमीचे कारण. क्लच बदलला असेल तर नंतर स्कॅनर लावून गिअरबॉक्सला नव्या क्लचची ओळख करून दिली का, ते बिलावर पाहा. नाहीतर नव्या क्लचवरही गाडी झटके देत राहते. बायको चालवणार असतील तर चाचणीही त्यांनाच घेऊ द्या.

२०१९ ची नवी वॅगन आर घेतोय. परत बोलावलेल्या गाड्यांपैकी ती आहे का, हे कसे कळेल? (ठाणे)

मारुतीने ऑगस्ट २०१९ मध्ये १ लिटर वॅगन आरच्या काही गाड्या इंधनाच्या नळीसाठी आणि जुलै २०२० मध्ये इंधन पंपासाठी परत बोलावल्या होत्या. दोन्ही मोहिमांतल्या गाड्यांचे उत्पादन नोव्हेंबर २०१८ पासून पुढचे आहे, म्हणजे तुमची गाडी त्यांत असू शकते. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून किंवा सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून खात्री होते. काम राहिले असेल तर ते फुकट करून मिळते.

बजेट दोन लाख. एअरबॅग नसलेली गाडी घेतली तर चालेल? (लातूर)

एप्रिल २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके अडकू न देणारी यंत्रणा), जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग आणि २०२२ च्या सुरुवातीपासून पुढच्या प्रवाशाचीही सक्तीची झाली. दोन लाखांत त्याआधीच्या गाड्या येतील. पण त्या काळातही वरच्या मॉडेलांना एअरबॅग असे. २०१४ च्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे मिळाले आणि दोन एअरबॅगच्या पोलोला चार. म्हणून वर्ष एक-दोनाने जुने चालेल, पण एअरबॅग आणि एबीएस असलेलेच मॉडेल शोधा. सनरूफ आणि मोठ्या पडद्याचे पैसे तिथे घाला.

गाडी विकून सहा महिने झाले, चलान अजून माझ्या नावावर येतात. घेणारा म्हणतो, “करतो ट्रान्सफर.” (रत्नागिरी)

चलान हा त्यातला लहान त्रास आहे. अपघात झाला तर कागदोपत्री मालक तुम्हीच. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात, नोंदणी ज्याच्या नावावर त्याचीच जबाबदारी, असे स्पष्ट केले आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत हस्तांतरणाचा अर्ज करायचा असतो. आता तरी विक्रीचा करारनामा, ताबा दिल्याची तारीख-वेळ आणि फॉर्म २९ ची (विक्री कळवण्याच्या फॉर्मची) प्रत जोडून आरटीओला लेखी कळवा, पोच घ्या. घेणाऱ्यालाही रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडा.

ज्यांची विक्री अजून व्हायची आहे त्यांनी सह्या केलेले कोरे टीटी (मालकी हस्तांतरणाचे) फॉर्म एजंटकडे सोडू नयेत. फॉर्म २९ आणि ३० वर घेणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहूनच सही करा. थोडी रक्कम हस्तांतरण ऑनलाइन दिसेपर्यंत राखून ठेवायची, असा व्यवहार घेणाऱ्याच्याही हिताचा असतो. विम्यावरचा ‘नो क्लेम बोनस’ गाडीबरोबर जात नाही, तो तुमचा. विमा कंपनीकडून त्याचे पत्र घ्या, पुढच्या गाडीसाठी तीन वर्षांपर्यंत वापरता येते. घेणाऱ्याने १४ दिवसांत विमा आपल्या नावावर करून घ्यायला हवा. तोवर तिसऱ्या पक्षाचे संरक्षण चालू राहते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. बोनसच्या फरकाची रक्कमही त्यालाच भरावी लागते, तेव्हा भाव ठरवतानाच ती मोजा.

फोर्ड फिगो फार स्वस्त आहे. सुट्या भागांची अडचण येईल का? (अहिल्यानगर)

फोर्डने २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवायचा निर्णय जाहीर केला, तेव्हापासून भाव पडले आहेत. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शन बाजारात मिळते. काच, हेडलाइट, बंपर, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल यांना वाट पाहावी लागू शकते. घरात दुसरे वाहन असेल आणि शहरात फोर्डचे काम जाणणारे गॅरेज असेल तर जरूर घ्या, चालवायला ती या भावातल्या बहुतेक गाड्यांपेक्षा सरस आहे. एकमेव गाडी म्हणून, रोज वेळेवर कामावर पोहोचायचे असेल, तर वॅगन आर किंवा ग्रँड आय-१० कडे वळा. व्यवहार ठरवण्याआधी हेडलाइटचा भाव आणि तो किती दिवसांत येईल, हे दोन दुकानांत विचारून घ्या.